बाटली क्रमांक सात

नाल्याला नाव आहे, खरं कुणी घेत नाही.
वडगावच्या मागं तो नुसता नाला,
शेतवडीत शिरला की काळं पाणी,
आणि दुरगव्वाच्या गल्लीपाशी
फक्त 'ते'.
'ते' आलंय आज उंबऱ्यापर्यंत, असं सांगतात,
जसं पाहुण्याबद्दल सांगावं.

मी बाटल्या घेऊन उतरले. आठ.
हिरेमठ मॅडमनी दिलेला तक्ता:
रंग, वास, सामू, विरघळलेले क्षार.
विहीर कुणाची, असा रकाना होता.
पाणी कोण ओढतं, असा नव्हता.

पहिली विहीर सातेरी चौगुल्यांची.
उंचवट्यावर, मोटर, मोटरीवर कौलारू छप्पर.
त्यांनी स्वतः बाटली भरून दिली
आणि म्हणाले, "आमचं पाणी चांगलं हाय गे बाई,
खालचे लोकच घाण करतात."
पाणी वरून खाली येतं
हे तक्त्यात कुठं लिहायचं
ते मी शोधत राहिले.

पाचवीच्या बांधाला चिखलात ओणव्या बायका
भाताची रोपं लावत होत्या.
तिघी मराठीत बोलत, दोघी कन्नडात,
खाज मात्र सगळ्यांची एकाच भाषेतली.
गुडघ्याखाली कातडी सोलवटलेली.
"गडीमाणसं नाहीत होय लावणीला?"
हौसाक्का मान वर न करता म्हणाली,
"ट्रॅक्टरावर बसून पाय भिजत नाहीत गे."

सातवी दुरगव्वाच्या आडाची.
वर काढली, उन्हात धरली,
आणि हात तिथंच राहिला.
जांभळट. नाही, वांगी.
हा रंग मला तोंडपाठ आहे.
आमच्या घरामागच्या हौदात
आई दर मंगळवारी यात सूत बुडवते.
काठाला लिंबू, अंगाला हा.
लगीनसराईत दादा मागावरून
घडीवर घडी साड्या उतरवतात
आणि हौदातलं उरलंसुरलं
मोरीवाटे जातं.
कुठं जातं, ते घरात कधी कुणी विचारलं नाही.
मीही नाही.
माझी फी त्याच हौदातून निघाली.

दुरगव्वानं विचारलं,
"रिपोर्ट येतंय ते कन्नडात का मराठीत?"
"इंग्रजीत."
ती हसली. "बरं झालं. म्हंजे भांडान नाही."
वर रस्त्याला गावाच्या पाटीवर
डांबर फासलेलं, त्यावर पांढरा रंग,
त्यावर पुन्हा डांबर.
एवढे रंग मोजणारी माणसं
या आडापर्यंत कधी उतरली नव्हती.

मग तिनं चहा आणला.
त्याच पाण्याचा.

माझी आत्या असती तर नसता घेतला.
कारण सगळ्यांना माहीत असतं,
तिला ते बोलावंही लागलं नसतं.
माझ्याकडं कारण छापील होतं, शास्त्रशुद्ध,
चार आकडी.
खरं कप दोन्ही कारणांनी
दुरगव्वाच्याच हातात राहिला असता.

प्यायले.
अर्धा.
उरलेला अर्धा अजून कुठल्याच रकान्यात बसत नाही.

संध्याकाळी घरी आले तर आई हात धूत होती.
कोपरापर्यंत वांगी.
साबण, चिंच, रॉकेल, काही लागू पडत नाही.
कुणाच्या बारशाला गेली तर
ती बाळाला पदरातून घेते,
हाताचा रंग लागेल म्हणून.
मागाचा परवाना दादांच्या नावावर,
दुकानाची पाटी दादांच्या नावाची,
रंग तेवढा हिच्या अंगावर.

पिशवीत आठवी बाटली रिकामीच होती.
झाकण काढलं आणि मोरीशी बसले.
"हात इकडं कर."
"कशाला गे?"
काय सांगणार?
सांगितलं तर दुरगव्वाचं नाव घ्यावं लागलं असतं
आणि आमच्या घरात ते नाव
आजवर कुणी घेतलेलं नाही.

पाणी ओघळत होतं. बाटली भरत आली.
"पुरे," ती म्हणाली,
"उद्या लिंबू रंग काढायचाय."